शेजाऱ्यांनी खणायचा खड्डा

ज्या वर्षी जॉर्ज एलियटच्या धाकट्या लेकीचं, हेझलचं, ईस्टरनंतर ठरलेलं लग्न पुढं ढकलावं लागलं, त्या वर्षीच्या मार्चमधला गुरुवार. सकाळी आठलाच बार्नी ट्रेनर खांद्यावर फावडं टाकून प्रोटेस्टंटांच्या कबरस्तानात शिरला. मयताच्या घरच्यानं मातीला हात लावायचा नाही, खड्डा शेजाऱ्यांनी खणायचा, ही तिथली रीत. बार्नी कॅथलिक, एलियट प्रोटेस्टंट. रीत मात्र दोघांची एकच. जॉर्जच्या बापाचा खड्डा बार्नीनं खणला होता, जॉर्जच्या बायकोचाही. खणून झालं, प्रार्थना सुरू झाली, की पंथ वेगळा म्हणून तो टोपी काढून भिंतीबाहेर उभा राहायचा.

एरवी खणायला चौघं असत. आज तो एकटा होता. आदल्या दिवशी कॅथलिकांच्या दारोदार निरोप फिरला होता, की आपल्यातलं कुणी तिकडं जायचं नाही.

जमीन चिवट होती, निळी चिकणमाती. अकरापर्यंत कसाबसा मांडीएवढा खड्डा झाला. तेवढ्यात काळ्या कोटातला जॉर्ज फाटक ढकलून आत आला.

"घरी जा, बार्नी."

"दोनला आणणार ना त्याला? मग मला बोलण्यात गुंतवू नकोस."

"निरोप माझ्याही कानावर आलाय. गोठा जाळतील तुझा."

"जाळू देत. छप्पर गळतंच आहे."

जॉर्ज बापाच्या दगडावर टेकला. दोन रात्रींचं जागरण त्याच्या डोळ्यांत होतं. त्याचा मुलगा रॉबर्ट सरकारच्या अर्धवेळ पलटणीत होता; आठवड्यातून दोन दिवस बंदूक घेऊन सरहद्दीवर जायचा, उरलेले दिवस गाई सांभाळायचा. परवा सकाळी दुधाचे कॅन शेतावरच्या वाटेच्या तोंडाशी ठेवताना त्याला गोळ्या घातल्या. गणवेश स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला होता.

"पोरांनी पत्रक काढलंय," जॉर्ज म्हणाला. पोरं म्हणजे सरकारविरुद्ध लपून लढणारे कॅथलिक बंडखोर; कोण कोण, हे तिथं कुणी विचारत नाही. "शत्रूचा शिपाई टिपला म्हणे. दोन्ही हातांत दूध होतं रे त्याच्या. मंगळवारी कसला शिपाई?"

"शुक्रवारी असायचा," बार्नी म्हणाला. बोलून गेल्यावर त्यानं फावडं थांबवलं. "रस्त्यात अडवून माझं नाव विचारायचा, जॉर्ज. याला पहिल्यांदा घोड्यावर मी बसवलं. आणि हा बॅटरी माझ्या तोंडावर धरून विचारतो, नाव काय, कुठून आलात."

"त्याला तसा हुकूम होता."

"हुकूम फिंटनलाही असतो."

फिंटन म्हणजे बार्नीचा मुलगा. तीन आठवड्यांपासून तो सरहद्दीपलीकडं, डब्लिनच्या हद्दीत राहत होता, हे डोंगरउतारावरच्या साऱ्या घरांना ठाऊक होतं. त्याचं नाव मात्र आत्तापर्यंत कुणी काढलं नव्हतं.

"फिंटन शिपाई नाही," जॉर्ज सावकाश म्हणाला. "ना नंबर, ना पगार, ना तोंड दाखवायची हिंमत. माझ्या पोराच्या नावाचा सरकारी कागद होता."

"तो म्हणतो, त्याच्याकडंही कागद आहे. एकोणीसशे सोळा साली डब्लिनच्या बंडात वाचलेला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा. सरकार ते नाही, सरकार आम्ही, म्हणतो."

"आणि आपण कोण?"

"आपण? आपण ढोरं राखणारे." बार्नीनं कपाळ पुसलं. "त्याच्याशी वाद घालणं मी सोडलंय. तुझ्याशीही घालत नाही. जीव नाही राहिला तेवढा."

तळाशी पाणी झिरपायला लागलं होतं. बार्नीनं दोन फावडी चिखल वर फेकला. तिसरं फावडं अर्ध्यातच खाली टेकलं आणि तो कडेला हात देऊन धापा टाकू लागला.

"तुझ्या दारी निरोप कुणी आणला?" जॉर्जनं विचारलं.

"फिंटननं. काल दुपारी आला. बटाटे खाल्ले, मोजे घेतले, गेला."

"मंगळवारी कुठं होता तो?"

"विचारलं नाही."

"का?"

"विचारलं तर तो सांगेल."

जॉर्ज दगडावरून उठला. त्यानं कोट काढला, घडी करून दगडावर ठेवला. भिंतीशी टेकवलेली कुदळ घेऊन तो खड्ड्याच्या कडेला बसला आणि पाय आत सोडले.

"अरे, घरच्यानं हात लावायचा नसतो," बार्नी म्हणाला.

"ठाऊक आहे. दोनच्या आत एकट्यानं पुरा करशील?"

"नाही."

"मग सरक."

बार्नी सरकला. खड्डा एका माणसाच्या मापाचा, त्यामुळं दोघांना पाठीला पाठ लावूनच खणावं लागलं. पावणेदोनला जॉर्जनं हात धुतले, कोट घातला, आणि बार्नी टोपी काढून भिंतीबाहेर जाऊन उभा राहिला.

रॉबर्ट एलियट मंगळवारी, १९ मार्च १९७४ रोजी सकाळी सातच्या सुमारास गेला. वय सव्वीस. फिंटन ट्रेनर त्याच वर्षी १७ सप्टेंबरला गेला, सरकारी शिपायांच्या गोळीनं, सरहद्दीच्या दोन शेतं अलीकडं. वय चोवीस.