जास्तीची खिटी

फोन आला तेव्हा लीलाधरांच्या डोक्यावर टोपी होती, खांद्यावर टॉवेल होता आणि गळ्यात झेंडूचा इतका जाड हार होता, की फोन कानाला लावायला आधी तो बाजूला सारावा लागला. मुक्ताईनगरजवळच्या त्यांच्या गावात शाळेची नवी प्रयोगशाळा बांधून झाली होती. तिला त्यांचंच नाव दिलं होतं, आणि पाटीवरचा पडदा त्यांच्या आईनं, इंदिराबाईंनी, ओढायचा होता.

"सर, पहिली खिटी सुटली," पलीकडे, कंट्रोल रूममधून, नाजमीन म्हणाली. "दुसरी सुटत नाहीये. तीनदा कमांड दिली."

"म्हणजे झाकण?"

"बंदच आहे, सर."

लीलाधर मांडवामागे, पाण्याच्या टाकीजवळ गेले. बावीस वर्षं त्यांनी एकच यंत्र बनवलं होतं. अवकाशात नेऊन ठेवायची दुर्बीण, जिला उजेड नाही, ऊब दिसते. धुळीच्या ढगांआड नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांची ऊब. ती इतकी पुसट, की दुर्बिणीची स्वतःची ऊब मध्ये येऊ नये म्हणून तिला द्रव हेलियमच्या थंडीत ठेवावं लागतं. ते हेलियम चौदा महिने पुरणार होतं. झाकण उघडलं नाही, म्हणून ते थांबणार नव्हतं. रोज थोडं थोडं उडून जाणारच होतं. यान सुटून एकोणीस दिवस झाले होते आणि लीलाधरांना निवृत्त होऊन तीन महिने. निवृत्त माणसासाठी कंट्रोल रूममध्ये कोणी खुर्ची मांडून ठेवत नाही.

"त्या बाजूला ऊन द्या," ते म्हणाले. "तापेल, जरा सैल होईल."

"दिलं, सर. दोन तास दिलं. तुम्ही तिथून काय करणार? कार्यक्रम होऊ द्या. मी कळवते."

दुर्बिणीचं झाकण धरून ठेवणारी ती दुसरी खिटी त्यांच्याच हट्टाची होती. हादऱ्यांच्या चाचणीत झाकण खडखडलं, तेव्हा सगळे सांगत होते, एक पुरे आहे. लीलाधरच अडून बसले. उड्डाणात वेळेआधीच उघडलं म्हणजे? असू द्या एक जास्तीची. नाजमीन तेव्हा नवी होती. तिनं भीतभीत विचारलं होतं, एक सुटली आणि एक नाही, असं झालं तर? त्यांनी तिला हसण्यावारी नेलं होतं. आज तिनं त्याची आठवणही काढली नाही. तिनं चार शब्द सुनावले असते तरी त्यांना बरं वाटलं असतं.

"अरे लीलाधर, कुठी लपला? माय कवाची उभी राह्यली तिकडे!" शाळा समितीचे अध्यक्ष कौतिकनाना त्यांना हाताला धरूनच मांडवात घेऊन गेले आणि माईकसमोर उभे राहिले.

"आज आपल्या लीलाधरची दुर्बीण तिकडे वर डोया उघडू राह्यली, अन् इकडे आपली पाटी उघडू राह्यली. कसा योग आला, पाहा!"

ही बातमी नानांना हौसेनं लीलाधरांनीच सांगितली होती. टाळ्या पडल्या. त्यांनी हात जोडले. दुसरं काय करणार?

इंदिराबाईंनी दोरी ओढली. पडदा हलला नाही. त्यांनी पुन्हा, सगळा जोर लावून ओढली. दोरी त्यांच्या हातात आली आणि पडदा जिथल्या तिथे. मुलं खोखो हसायला लागली.

"वारं कसं सुटलं हाये, पाह्यलं ना?" इंदिराबाई ओशाळून म्हणाल्या. "पडदा येळेच्या आधीच उडाला असता. म्हनून म्या सकायी दोन टाके जास्तीचे मारले."

"हात्तिच्या!" कौतिकनाना खुर्चीवर चढले. त्यांनी पडद्यात बोटं घातली आणि टरकन टाके उसवले. "हात पोचला म्हंजे झालं. त्यात काय?"

पाटी उघडी झाली. सोनेरी अक्षरांत लीलाधरांचं नाव झळकलं, मांडव टाळ्यांनी दणाणला, आणि त्याच वेळी त्यांच्या खिशात फोन थरथरला. नाजमीननं लिहिलं होतं, चौथ्यांदाही नाही. आता पुढे काय करायचं ते कोणालाच सुचत नाहीये.

ते आईशेजारी जाऊन बसले. बावीस वर्षांचं यंत्र तिकडे धडधाकट होतं, जागं होतं आणि अंधारात बसून होतं.

"तुह्या कार्यक्रमाचा खोयंबा केला रे म्या," इंदिराबाई हळूच म्हणाल्या. तुटलेली दोरी अजून त्यांच्या मुठीत होती.

"माय, म्या बी तेच केलं," लीलाधर म्हणाले.

"काय केलं?"

"दुर्बिणीच्या झाकनाले टाका जास्तीचा मारला. आता उघडत नाही."

इंदिराबाईंनी मुलाचा चेहरा पाहिला. मग खुर्चीवरच उभं राहून पोरांना हात हलवणाऱ्या कौतिकनानांकडे पाहिलं.

"मंग नानाले सांग ना," त्या म्हणाल्या. "उतरले नाही आजून ते."