पिवळा दिवा

“एकाच रंगाच्या दोन वायरी दिसतात का?” गोरखनं विचारलं.

कुशाबाईनं पदर कमरेला खोचला आणि ती बॉनेटखाली वाकली. फोन तिनं पुढच्या पत्र्याला टेकवून उभा केला होता. त्यात बंगळूरला बसलेल्या लेकाचा चेहरा होता.

“दिसत्यात. पांढऱ्या हायेत.”

“त्याच हीटरच्या. आता दोन्ही टोकांना मीटर लाव.”

गाडी गोरखचीच. त्यानं तिकडं नवी घेतली, तेव्हापासून ही बेल्ह्याच्या घरापुढं उभी होती. आळेफाट्याचा एक जण ती घ्यायला तयार होता, पण स्टिअरिंगसमोरचा पिवळा दिवा विझत नाही तोवर नको म्हणाला. गाडीच्या कप्प्यातलं छोटं यंत्र गाडीला लावून फोनवर बिघाडाचा कोड पाहिला, तेव्हा कळलं की इंजिनाजवळच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर चालत नाही. गोरख मेकॅनिक पाठवणार होता. कुशाबाई म्हणाली, मेकॅनिक कशाला, विहिरीवरची मोटार मीच बघते, ही पण बघीन, तू नुसतं सांगत जा.

त्याला आज चौथा दिवस. रोज संध्याकाळी सहाला फोन यायचा. एक दिवस फ्यूज शोधण्यात गेला, एक दिवस सेन्सर कुठं असतो ते समजण्यात. एरवी फोन रविवारी यायचा, आणि जेवलीस का, गोळी घेतलीस का, यापुढं दोघांनाही काही सुचायचं नाही. आता अर्धा-अर्धा तास बोलणं चालायचं. काल तर नात श्रेया मध्येच पडद्यात डोकावली आणि आजीचे काळे हात बघून हसत सुटली.

मीटरवर सहाचा आकडा आला. गोरख म्हणाला, हीटर शाबूत आहे, म्हणजे त्याच्यापर्यंत करंटच पोचत नसणार. वायर मागं कुठवर जाते ते चाचपायला हवं. मग त्यानं घड्याळाकडं पाहिलं.

“ऱ्हाऊ दे आई. वेळ लागंल त्याला. उद्या बघू.”

तोवर कुशाबाईची बोटं वायरीवरून मागं गेली होती. बॅटरीच्या खाली, काळ्या नळीच्या आत, हाताला तुटकं टोक लागलं. उंदरानं कुरतडलेली केबल तिच्या बोटांना अनोळखी नव्हती. गोरखला ते दिसत नव्हतं. उद्या म्हटलं तर उद्या, परवा म्हटलं तरी चाललं असतं.

तिनं मान वर केली. गोरखच्या गळ्यात अजून ऑफिसचं कार्ड तसंच होतं. हातातल्या चहावर साय धरली होती. तो डोळे चोळत होता.

“घावलं रं,” ती म्हणाली. “उंदरानं तोडलंय.”

चावी काढली, बॅटरीची तार सोडली, टोकं सोलली, पीळ घातला, वर चिकटपट्टी गुंडाळली. त्यात तिला काही विचारावं लागलं नाही. तार पुन्हा जोडून झाल्यावर गोरखनं सांगितलं, की गाडीतला बिघाडाचा जुना कोड त्या यंत्रातून फोनवरूनच पुसायचा असल्यामुळं फोन ठेवावा लागेल, नंतर दहा मिनिटं गाडी चालू ठेव, मी परत फोन करतो.

फोन बंद झाला. कुशाबाईनं कोड पुसला आणि सीटवर बसून चावी फिरवली. पिवळा दिवा लागला, इंजिन सुरू झालं तसा विझला. ती त्याच्या जागेकडं बघत बसली. दहा मिनिटं झाली, दिवा परत लागला नाही. गल्लीत कुणी नव्हतं. इंजिन एका लयीत चालू होतं.

फोन वाजला.

“विझला?”

“विझला.”

गोरख खूश झाला. म्हणाला, आई, तू तर पक्की मेकॅनिक झालीस. रविवारी तो माणूस गाडी न्यायला येईल, कागद आणि चावी त्याच्याकडं दे. त्याची बायको आरती जेवायला हाक मारत होती. तो उठलाही.

“चल, ठेवतो मग.”

“थांब की जरा,” कुशाबाई म्हणाली.

“काय गं?”

तिनं उघड्या बॉनेटकडं पाहिलं.

“गाडीत अजून काय काय बिघडतं रं?”