एक्केचाळिसावं घर

लातूरच्या आमच्या कॉलेजात लॅबमध्ये चाळीस कॉम्प्युटर, म्हणून माझ्या प्रोग्रॅममधल्या यादीत नावांसाठी घरंही चाळीसच. बिलोलीची शिवकन्या एक्केचाळिसावी आली. "सर, मी उभी राहून शिकते," म्हणाली. "यादीत नाव नाही, बाहेर हो," म्हणत मी तिला सगळ्यांदेखत दारातून हाकललं. तिसऱ्या दिवशी ती विहिरीत सापडली.

सोमवारी यादी छापली. चाळीस नावांखाली एक्केचाळिसावं आलं: शिवकन्या. ते मी कधी टाइपच केलं नव्हतं.

"सर, एकेक नाव छापणारा तुमचा लूप एक घर जास्त पळाला," वर्गातला रविकिरण हसला. "हद्दीभाईर कायबी निघतंय."

चूक माझीच होती. पण यादीला लागून पुढच्या घरात मी शिक्षक म्हणून माझं नाव ठेवलं होतं. निघायला हवं होतं ते.

चिडून लूप दुरुस्त केला, पुन्हा छापलं. आता नावं चाळीसच आली. खाली होतं, शिक्षक: शिवकन्या.

"कुणी केलं हे?" मी ओरडलो. एकानंही वळून पाहिलं नाही. सगळा वर्ग माझ्या खुर्चीकडे तोंड करून उभा राहिला. मी दाराशी कधी आलो, मला कळलं नाही.

रविकिरण खुर्चीकडे बघून म्हणाला, "मॅडम, दारात कोण उभं हाय? यादीत तर नाव न्हाई."