कंसातली ओळ

प्रोफेसर येरोलिम कासुमिच आपल्या थडग्यावर बसून अंजीर खात होते. तब्येत ठणठणीत होती. या गावात दगड आधीच करून ठेवायची पद्धत आहे: नाव, जन्माचं साल, आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरा संगमरवर. दर शनिवारी प्रोफेसर स्वतः येऊन स्वतःचं नाव ब्रशनं घासत. या कामात दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वास नव्हता.

नेवेन्का चढ चढून आली ती सही घेतल्याशिवाय उतरायचं नाही असं ठरवूनच. पाव्ले मोरिचिन हा गावचा पाचशे वर्षांपूर्वीचा लॅटिन कवी. त्याच्या सगळ्या हस्तलिखित प्रती ताडून, ओळीगणिक पाठ ठरवून ग्रंथ तयार झाला होता. संपादक दोन: आधी तिचे गुरू, म्हणजे हेच प्रोफेसर, मग ती. शेवटच्या पानावर दोघांची सही पडली की छपाई सुरू. तिची पडली होती.

"कंस काढ," प्रोफेसर म्हणाले.

"नाही काढणार, सर."

"मग सही नाही."

"मग पुस्तक नाही."

"नसू दे. मी इथेच आहे." त्यांनी दगडावर थाप मारली. "अंजीर घे."

तिनं घेतलं. प्रूफ वाऱ्यानं उडू नये म्हणून शेजारच्या थडग्यावरचा लाल काचेचा दिवा उचलून त्यावर ठेवला. पानावरची शेवटची ओळ चौकोनी कंसात होती. 'समुद्रानं जे नेलं, ते मी शब्दांत परत आणलं.' कंसाचा अर्थ एवढाच, की ही ओळ प्रतीत आहे, पण कवीची नाही. संपादक ओळ खोडत नाही, नुसती कोंडतो.

हीच ओळ प्रोफेसरांच्या पाठीमागच्या उभ्या दगडावर कोरलेली होती. तिच्याखाली त्यांच्या बायकोचं, कातित्साबाईंचं नाव, दोन्ही सालांसकट. त्याखाली प्रोफेसरांचं, एका सालासकट.

"सगळ्यात जुन्या प्रतींत ही ओळ नाही, सर. पहिल्यांदा येते ती मठातल्या त्या लेखनिकाच्या प्रतीत. पान उरलं की खाली स्वतःची ओळ घालायची खोड होती त्याला. दुसऱ्या शोकगीताखाली त्यानं काय लिहिलंय, आठवतंय?"

प्रोफेसर समुद्राकडे बघू लागले.

"'यंदाची तारली मासळी फार खारट,'" नेवेन्कानंच सांगितलं. "तेच अक्षर. तीच शाई."

"तो तारलीवाला ही ओळ लिहील? मोरिचिनला जन्मात जमली नाही अशी ओळ?"

"तेच तर म्हणतेय मी. मोरिचिनला नाहीच जमली."

"कातित्साच्या डोक्यावर तारलीवाला!"

दोन रांगा सोडून तादिया पाथरवट कुणाचं तरी साल पुरं करत होता. त्याचा हातोडा थांबला.

"जाताना म्हटली होती तिनं ही ओळ," प्रोफेसर हळू आवाजात म्हणाले. "एक अक्षर चुकली नाही."

नेवेन्कानं पानावरच्या कंसाकडे पाहिलं. पेन हातातच होतं. दोन फराटे मारले असते तर नव्वदीला टेकलेला माणूस खूश झाला असता आणि पुस्तक आजच छापायला गेलं असतं. कुणाला कळलंही नसतं. मोरिचिन वाचणारे जगात असून असून किती, आणि त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत.

तिनं पेनाला टोपण लावलं.

"तारलीच्या ओळीला कंस कुणी घातला होता, सर? मी तेव्हा तुमच्या वर्गात होते. मला ती आवडायची. तुम्ही म्हणालात, आवडते तर फ्रेम करून स्वयंपाकघरात लाव, पुस्तकात ती कंसातच."

"तेव्हा मी तरुण होतो. अक्कल नव्हती."

"साठीचे होतात."

दिव्याखालचं पान फडफडलं. प्रोफेसरांनी अंजीर संपवलं, बोटं रुमालाला पुसली आणि हात पुढे केला. नेवेन्कानं पेन दिलं. ते कागदाकडे वळलेच नाहीत. गुडघ्यावर जोर देत उठले, उभ्या दगडाशी गेले आणि ओळीच्या दोन्ही टोकांना काहीतरी खुणा केल्या.

"तादिया! इकडे ये. हे दोन कोर. चौकोनी. ओळ आहे तेवढंच खोल."

तादियाचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं होतं का, प्रोफेसर?"

"तू बरोबर कोरलंस रे. चूक कागदावरची आहे."

छिन्नी सुरू झाली. प्रोफेसरांनी प्रूफ थडग्यावर पसरलं आणि सही ठोकली.

"तारीख घालू?"

"घाला, सर." नेवेन्कानं कागदावर बोट ठेवलं. "इथे. तिथे नको."

तादियानं भुकटी फुंकून उडवली आणि मागे सरून बघितलं. ओळ कोंडली गेली होती. वाचता मात्र आधीसारखीच येत होती.

"छान दिसतंय," तो म्हणाला. "छिन्नी हातात आहेच. खालच्या नावांनाही घालू का?"

प्रोफेसरांनी कातित्साच्या नावावरून अंगठा फिरवला.

"हिला नको. ही मूळची." मग ते आपल्या नावाकडे आणि रेघेपुढच्या कोऱ्या दगडाकडे बघत राहिले. "माझ्याला थांब जरा. ते अजून तपासायचंय."