शुक्रवारपर्यंत

‘येत असलं तरी हात वर करायचा नाही,’ शेखर पोरांना सांगत होता. ‘आज सोमवार आहे. आज कुणालाच काही येत नाही. कळलं?’

पोरांनी माना हलवल्या. त्यांना हे नवं नव्हतं.

तळेवस्तीची ती शाळा महाळुंग्याच्या पलीकडे, एका कंपनीच्या कुंपणाला चिकटून होती. शेखर ज्या संस्थेत होता, ती परदेशातल्या तरुण मुलामुलींना खेड्यात इंग्रजी शिकवायला आणायची. दिवाळीपासून दर सोमवारी गाडीतून नवा पाहुणा उतरायचा आणि शुक्रवारी जायचा. सोमवारी पोरांना काही येत नसायचं, शुक्रवारी सगळं यायचं. मग व्हिडिओ निघायचा, पाहुणा डोळे पुसायचा, आणि पुढच्या सोमवारी दुसरा पाहुणा येऊन पुन्हा पहिलाच धडा उघडायचा.

चिमाबाई त्या शाळेत खिचडी शिजवायची. तिची नात आम्रपाली चौथीत होती. आईबाप दोघंही कंपनीत शिफ्टला, त्यामुळे पोर आजीच्याच हाताखाली वाढलेली. डोक्यानं तल्लख. पहिला पाहुणा आला तेव्हा तिनं सोमवारीच हात वर केला आणि सगळं घडाघडा बोलून दाखवलं. पाहुण्याचं तोंड उतरलं. शेखरनं चिमाबाईला बाजूला घेतलं.

‘आजी, नातीला जरा आवरा. ही माणसं पदरमोड करून येतात. शिकवल्याचं समाधान नको का त्यांना? वरचे पत्रे कुणी टाकले ते बघा एकदा.’

चिमाबाईनं वर बघितलं. पावसाळ्यात पोरं वर्गात छत्र्या उघडून बसली होती. आता वर निळे पत्रे होते. दुसऱ्या खोलीचंही बोलणं चाललं होतं. तेव्हापासून दर सोमवारी ती चूल सोडून वर्गाच्या दारात उभी राहायची, हातात पळी घेऊन. आम्रपालीचा हात वर जायला लागला की ती डोळे मोठे करायची. हात खाली यायचा.

हळूहळू पोर तयार झाली. मंगळवारी किती यायचं, बुधवारी कुठं अडखळायचं, गुरुवारी कुठली चूक पाहुण्याला दुरुस्त करू द्यायची, सगळं तिच्या अंगवळणी पडलं. शेखर म्हणायचा, ‘आजी, तुमची नात एक नंबर.’ चिमाबाईला ते ऐकून बरं वाटायचं आणि वाटायचंही नाही.

तिचा जीव दुसरीकडेच अडकला होता. जुन्नरच्या बाजूला एक निवासी शाळा होती. ती वस्तीवरच्या शाळांमधून एकेक हुशार पोर उचलायची आणि बारावीपर्यंत सगळं बघायची. वर्गाच्या सोपान गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, ‘चिमाबाई, त्यांच्या बाई येतील एक दिवस. आम्रपालीशिवाय आहेच कोण आपल्याकडं?’ चिमाबाई तेवढ्यावर दिवस काढत होती. भेटेल त्याला म्हणायची, ‘माझ्या हातातली पळी हिच्या हातात जायाची न्हाई.’

त्या सोमवारी आली होती जर्मनीची हॅना. पोर मायाळू होती. आम्रपाली काहीच बोलत नाही म्हणून ती आठवडाभर तिच्याशेजारी मांडी घालून बसली. आपलं जेवणही तिनं तिथंच उरकलं. शुक्रवारी आम्रपाली उभी राहिली आणि म्हणाली, ‘माय नेम इज आम्रपाली.’ हॅनानं तिला पोटाशी धरलं. तिला हुंदका आवरेना. जाताना ती चिमाबाईशी काहीतरी बोलली.

शेखरनं सांगितलं, ‘म्हणतेय, पोरगी हुशार आहे, फक्त भित्री आहे. तिला धीर द्या.’

‘देते म्हणावं,’ चिमाबाई म्हणाली आणि पातेलं घासायला बसली.

पुढच्या सोमवारी शेखरची गाडी आली नाही. त्याऐवजी जुन्नरच्या बाई आल्या. त्या गुरुजींना दारातच म्हणाल्या, ‘मी कशाला आलेय ते पोरांना सांगू नका. घाबरतात.’ गुरुजींनी वर्गात एवढंच सांगितलं, ‘या नव्या बाई आहेत. विचारतील ते सांगा.’ आणि मागच्या दारानं येऊन चिमाबाईच्या कानात खरं काय ते सांगून गेले.

चिमाबाई चुलीपुढून तशीच उठली आणि वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. पळी हातातच राहिली होती.

बाईंनी पुस्तक उघडलं. ‘ही गोष्ट कोण वाचून दाखवेल?’

गोष्ट लाकूडतोड्याच्या बकरीची होती. आम्रपालीनं ती आजीला चुलीपुढं कितीदा तरी वाचून दाखवली होती. तिचा हात मांडीवरून उचलला गेला, आणि सवयीनं तिनं दाराकडे बघितलं. चिमाबाईचा सगळा जीव डोळ्यांत गोळा झाला होता. वाच, माझे बाई, वाच. डोळे एवढे मोठे झाले होते.

हात खाली गेला.

गुरुजींनी नाव घेऊन तिला उठवलं. ती पहिल्याच शब्दाला अडखळली, मग पायाच्या अंगठ्याकडे बघत गप्प उभी राहिली.

‘येतं हो तिला, मॅडम,’ गुरुजी म्हणाले.

‘सगळेच गुरुजी असं म्हणतात,’ बाई हसून म्हणाल्या. त्यांनी शेजारच्या बंटीला उठवलं. बंटीला पाहुण्यांपुढचं नाटक कधीच जमलं नव्हतं. शेखर त्याला नेहमी मागं बसवायचा. तो ठेचकाळत का होईना, शेवटपर्यंत वाचत गेला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांची गाडी कंटेनरच्या रांगेत शिरून दिसेनाशी झाली, तरी चिमाबाई दारातच होती. मग तिनं नातीचा दंड धरला.

‘आगं, तोंडपाठ हाय की तुला ती गोष्ट. मग दातखीळ का बसली?’

आपलं काय चुकलं ते आम्रपालीला कळेना.

‘येतंय की, आजी,’ ती म्हणाली. ‘शुक्रवारी वाचून दाखवणार होते.’