जागं राहण्याची चाचणी

"मान डावीकडे करा," असं स्टेला म्हणणार, त्याआधीच बाईंनी मान डावीकडे वळवली आणि कानामागचे केस बोटांनी बाजूला धरले.

स्टेलाचा हात क्षणभर थांबला. मग तिने तिथे लाल पेन्सिलीने खूण केली, त्वचा घासून घेतली आणि पेस्ट लावून तार चिकटवली.

"याआधी कुठे तपासणी झालीय?"

"नाही. पहिल्यांदाच."

फॉर्मवर नाव होतं सुशीला परब, राहणार नांदगाव. शाळेची व्हॅन चालवतात. मध्यंतरी गाडीवर डोळा लागला, म्हणून शाळेने दाखला मागितला होता. दिवसभरात चार वेळा, चाळीस-चाळीस मिनिटं, मंद उजेडात टेकून बसायचं आणि झोपायचं नाही. स्टेलाने काचेपलीकडून पाहायचं, पडद्यावरच्या रेघा तपासायच्या.

"ओळखपत्र?"

"जावई घेऊन येतोय. चारपर्यंत."

फॉर्मच्या कडेला स्टेलाने 'ओळखपत्र बाकी' असं लिहिलं आणि वेळ टाकली. आज नियमाबाहेर काही करायचं नव्हतं. झोपेच्या तपासण्या करणाऱ्यांना आता राज्याच्या परिषदेची नोंदणी सक्तीची झाली होती. नोंदणी नसेल त्याने तारेला हात लावायचा नाही. परिषदेचे लोक पेशंट बनून येतात, असं डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं. स्टेला सात वर्षं हेच काम करत होती. दुसरं काही तिला येत नव्हतं.

नोंदणीचं प्रमाणपत्र समोरच्या भिंतीवर, जरा उंचावर लावलेलं होतं. स्टेला इनास फर्नांडिस. खाली क्रमांक, शिक्षण, कोपऱ्यात फोटो. परिषदेचा गोल शिक्का नेमका चेहऱ्यावर पडला होता.

बाई बराच वेळ तिकडे पाहत होत्या.

"फोटो नीट आला नाही."

"शिक्का पडलाय."

"हं," बाई म्हणाल्या.

"स्टेलाबाय," दारातून बाबलीने हाक मारली. झाडलोट आणि चहा तो बघायचा. स्टेलाने मान वर केली नाही. "ओ स्टेलाबाय! खंय लक्ष आसा? चाय ठेवलंय."

"येतंय."

"नाताळ जवळ इलो. ह्या वर्षी तरी घराकडचो दोदोल हाडा. गेल्या वर्षी बेकरीतलो खाऊक घातलात."

"वेळ खंय मेळता रे."

"किरिस्तांवाच्या घरात बेकरीतलो दोदोल," बाबली बाईंना म्हणाला. "कोणाक सांगलंय तर इश्वास ठेवचो नाय."

बाई हसल्या. कपाळावरच्या तारा हलल्या.

सुरुवातीच्या सूचना स्टेलाने माईकवरून दिल्या. डोळे मिटा. उघडा. वर बघा, खाली बघा. "आता दात" एवढं म्हणताच बाईंनी दात आवळले. मग न सांगता डावा पाय हलवला, नंतर उजवा.

"मागची उजवी तार सुटतेय बहुतेक," त्या आतून म्हणाल्या.

स्टेलाने पडद्याकडे पाहिलं. त्याच तारेची रेघ जाड होऊ लागली होती.

एवढं पेशंटला कळत नाही.

पहिली चाळीस मिनिटं बाई जाग्या राहिल्या. दुसरीही. दुपारच्या जेवणाआधी स्टेलाने जिन्यात जाऊन कुडाळला डॉक्टरांना फोन लावला.

"आलेत," ती म्हणाली. "पेशंट बनून. सगळं येतंय त्यांना."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "कागद भिंतीवर आहे ना? तोच दाखवायचा. तू कमी बोल."

जेवताना बाईंनीच विषय काढला.

"किती वर्षं करता हे?"

"सात."

"शिकलात कुठे?"

"गोव्यात." भिंतीवरही तसंच लिहिलेलं होतं.

"शिकवायला कोण होतं?"

स्टेलाने डब्याचं झाकण लावलं. "नाव आठवत नाही आता."

"ज्याने शिकवलं त्याने चांगलं शिकवलं. हात हलका आहे तुमचा." बाई पाणी प्यायल्या. "मी मस्कतला होते आठ वर्षं. परत येऊन कामाला लागायचं म्हटलं, तर कागद अडला. म्हणून ही पायपीट."

तिसऱ्या वेळी स्टेलाने खोलीतला उजेड दोनदा मोजला. चौथ्या वेळी वहीत दर मिनिटाला टिंब काढलं. बाईंची पापणी जड झाली नाही. समोर बघत राहा, अशी सूचना होती. समोर काच होती आणि काचेपलीकडे स्टेला.

पावणेपाचला तिने कोमट पाण्याने तारा सोडवल्या, केसांतली पेस्ट पुसली.

"चारही वेळा जाग्या होतात. दाखला मिळेल."

"तुमच्या कामात मला तरी चूक दिसली नाही."

त्या वाक्याने स्टेलाला धीर आला. "मॅडम, एक विचारू? तुम्ही परिषदेकडून आलात ना?"

"नाही. मी परिषदेची कोणी नाही."

स्टेलाने पेनाचं टोपण काढलं. तिला हसू आलं. तिने फॉर्म पुढे ओढला. "मग एवढं ओळखपत्र झालं की सुटलात. जावई पोचले का?"

"मला जावई नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं आणि फॉर्मवर ठेवलं.

बाई गंमत करताहेत असं समजून स्टेला अजून हसतच होती. तिने 'बाकी' या शब्दावर रेघ मारली आणि शेजारी कार्डावरचं नाव उतरवायला घेतलं. हात सवयीने भरभर चालला. स्टेला इनास. तिथे पेन थांबलं.

बाई भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहत होत्या.

"आता तुझां नाव सांग गो," त्या म्हणाल्या.