मांजरांचं कापड

"नक्को मामा!" ईश्वरीनं आईच्या गळ्याला घातलेली मिठी इतकी आवळली, की मयूरीला आवंढाही गिळता येईना.

म्हसवडला देवळाबाहेर झाडाखाली जावळाची सगळी मांडामांड झाली होती. पाटावर अवधूत मांडी घालून बसला होता. मयूरीचा थोरला भाऊ. जावळ काढायचं ते मामाच्या मांडीवरच, आणि मामा सैन्यात. सुट्टी मिळेना म्हणून पहिल्या वर्षीचं जावळ तिसऱ्या वर्षावर गेलं होतं. उद्या तो परत निघणार होता. फोनमधला मामा ईश्वरीला चालायचा, स्क्रीनवर ती त्याची पापीसुद्धा घ्यायची. फोनबाहेरच्या मामाला मात्र केवढी तरी मिशी होती.

"पाव्हणं, आधी तुमच्या मिशीचं जावळ काढा," नणंद रेश्मा म्हणाली. आत्या म्हणून ती केस झेलायला ओढणी पसरून बसली होती. सगळे हसले. अवधूतही हसला, पण जरा उशिरा.

"धरा की वाईच घट्ट," सासूबाई म्हणाल्या. "पोरं रडत्यातच. तुझा नवरा तर न्हाव्याला चावला हुता."

"आई, ते आत्ता कशाला?" विश्वजीत मोबाईलवर व्हिडिओ काढता काढता पुटपुटला.

मयूरीला ती धराधरीच नको होती. सकाळपासून तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. पोर हिसका देणार आणि वस्तरा टाळूत घुसणार. ब्लेड नवंच आहे ना, हे न्हाव्याला विचारून झालं होतं, पुन्हा एकदा विचारून झालं होतं. पर्समध्ये कापूस होता, डेटॉल होतं, घराजवळच्या, उंब्रजच्या डॉक्टरांचा नंबर होता.

आणि एक कापड होतं. न्हाव्याचं पांढरं कापड बघून पोरगी घाबरेल, म्हणून मयूरीनं हे स्वतः छापलं होतं. छापायचा तिला नादच. दुपारी ईश्वरी झोपली की ओट्यावर बटाटे कोरून ठसे करायचे आणि मिळेल त्या कापडावर उठवायचे. उशीच्या अभ्र्यावर टोपी घातलेली वांगी, टॉवेलवर छत्री घेतलेले बेडूक. "वांग्याला टोपी ही घालणार, भाजी मातुर मी करायची," असं सासूबाई शेजारणीला सांगायच्या, आणि तोच अभ्रा आपल्या उशीला चढवायच्या. ह्या कापडावर मांजरं होती. एक ऊस खाणारं, एक स्कूटरवरचं, एक आळसावून पसरलेलं.

मयूरीनं कापड बाहेर काढलं, तशी मांजरं बघून पोरीची मिठी सैल झाली. तिनं पोरीला पाटापुढं उभं केलं. कापड गळ्यात घातलं, मागं नाडी बांधली आणि समोर येऊन बघितलं.

सगळी मांजरं उलटी. डोकी खाली, पाय वर.

रेश्मा फिसकन हसली. "वहिनी, मांजरांनी शीर्षासन घातलंय की!"

मयूरीचं तोंड एवढंसं झालं. ओट्यावर जागा कमी, म्हणून तिनं गळ्याची बाजू स्वतःकडं घेतली होती आणि तशीच छापत गेली होती. छापलं, वाळवलं, इस्त्री केली. पोरीच्या अंगाला लावून काही बघितलं नाही. एवढी साधी गोष्ट जिच्या ध्यानात आली नाही, ती वस्तऱ्याखाली पोर काय सांभाळणार?

"द्या तुमचंच कापड," ती न्हाव्याला म्हणाली आणि नाडी सोडायला वाकली.

"न्हाई! माजी माऊ!" ईश्वरीनं दोन्ही मुठींत कापड धरलं आणि होती तिथंच फतकल मारली. पाय पसरले, पायांवर कापड पसरलं, मान खाली घातली. आणि मांजरांत रमली.

अवधूत आवाज न करता पाटावरून पुढं सरकला, तिच्या मागं बसला आणि अलगद तिला मांडीत ओढून घेतलं. पोरीनं वर बघितलंच नाही.

"ईशू," तो तिच्या डोक्यावरून हळूच म्हणाला, "ही माऊ काय खातीया गं?"

ईश्वरीनं बोट टेकवलं. "ऊश."

"मला न्हाई व्हय?"

तिनं कापडावरून चिमटीत काहीतरी उचललं आणि मागं न बघताच हात वर केला. चिमूट थेट मामाच्या मिशीत गेली. अवधूतनं तो खोटा ऊस मचमच आवाज करत खाल्ला.

न्हाव्यानं केस भिजवले. पहिली बट रेश्माच्या ओढणीत पडली. मयूरी समोर उकिडवी बसून लेकीच्या तोंडाकडं बघत होती. ओठ मुडपतायत का, डोळे भरतायत का. पोर जन्मल्यापासून ती अशीच समोर बसून बघत आली होती. झोपलेली बघायची, खाताना बघायची, खेळताना बघायची.

"ताई, तुमी आधी समोरनं उठा," न्हावी म्हणाला. "पोरगी काय रडत न्हाई. पर तुमचं तोंड बगितलं तर रडंल."

मयूरी उठली. कुठं उभं राहावं ते कळेना. ती भावाच्या पाठीमागं गेली आणि त्याच्या खांद्यावरून वाकली. खाली अर्धं भादरलेलं डोकं होतं, मामाचं जाड बोट होतं आणि ते बोट मुठीत धरून एकेका मांजरावर फिरवणारा पोरीचा हात होता.

तिथून एकही मांजर उलटं नव्हतं.